कुंकवाचा आळ

दसऱ्याला मी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, एवढाच माझा गुन्हा. पुढं तो बिघडला, म्हणून तो माझ्यामुळे बिघडला. दोन आठवडे हे मी घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं आणि एकदाही मोठ्यानं म्हणाले नाही की हे खोटं आहे. त्यांचा राग येतोच, पण माझा मला जास्त येतो. बोलता आलं नाही ते लिहून काढतेय. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथं.

आमचं घर जुळे सोलापुरात, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आमचे हे एका शाळेत कारकून आहेत. पोरगी एकच, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि सोबत टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते. मी घरी बसून शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. कापलेले गठ्ठे येतात, मी कॉलर आणि बाह्या जोडून परत पाठवते. माझं मशीन आणि पोरीचा कॉम्प्युटर एकाच खोलीत, एकाच भिंतीला आहेत. दुपारी तिची बोटं आणि माझं मशीन एकदम चालू असलं की खोलीत दुसरं काही ऐकू येत नाही. मला ते आवडतं. तिला सांगितलं नाही कधी.

दसऱ्याला आमच्यात हातातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. मशीन, कात्री, विळी, यांची स्कूटर. पोरगीच म्हणाली, "आई, याला पण लाव की. परीक्षेला स्पीड येईल." म्हणून मी कॉम्प्युटरच्या उभ्या खोक्याच्या वरच्या अंगाला बोटभर कुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं पुसूनही घेतलं. पुढं जेव्हा कुंकवावरून बोलणी बसली, तेव्हा "मीच सांगितलं होतं आईला" असं पोरगी म्हणाली नाही. विसरली असेल. मी विसरले नाही.

दसऱ्यानंतर तो रोज नीट बंद होत होता. वसुबारसेच्या दिवशीसुद्धा झाला. मला पक्कं आठवतं, कारण उरलेल्या चौकटीच्या कापडाचं मी त्याला झाकण शिवलं होतं आणि त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा घातलं. सकाळी काढलं तेव्हा आतलं खोकं गार होतं. चालू राहिला असता तर कापड गरम लागलं असतं.

पाडव्याला माढ्याहून माझे धाकटे दीर आले. त्यांचं तिथं लोकांचे फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुकानात नवा प्रिंटर आला, म्हणून जुना त्यांनी आमच्याकडं आणून दिला. "पोरीला टायपिंगचे कागद काढाय हुतील," म्हणाले. पोरगी नाचली. तिनं तो लगेच जोडला आणि सगळ्यांची नावं मोठ्या अक्षरात छापून काढली. माझंही काढलं. आपलं नाव छापलेलं बघून मला लाज वाटली, मी ते कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

त्याच आठवड्यात ते सुरू झालं. शट डाऊन केलं की स्क्रीन काळी व्हायची, पंख्याचा आवाज थांबायचा, आपण उठायचो, आणि तीन मोजेपर्यंत खोक्यावरचा दिवा लागून तो परत सुरू. पुन्हा बंद करा, पुन्हा सुरू.

पोरीनं मोबाइलवर चार व्हिडिओ बघून काय काय बदललं, काही झालं नाही. मग घरात एक पद्धत पडली. ती खुर्चीत, मी भिंतीवरच्या बोर्डापाशी. ती म्हणायची, "आई, तयार?" आणि क्लिक करायची. स्क्रीन काळी होऊन पंखा थांबला की तेवढ्या फटीत मी बोर्डाचं बटण बंद करायचं. जरा लवकर दाबलं तर, "आई! अजून बंद होत होता तो!" जरा उशीर झाला तर तो उठलेला, मग पहिल्यापासून. मी कणीक मळत असले तरी हाक यायची. हाताला पीठ तसंच घेऊन मी बोर्डाला उभी.

यांना त्याचं हसू यायचं. "पोरी, गेटकीपरच ठेवलीय गं तू. गाडी यायच्या आत फाटक पाड," म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.

मग यांच्या शाळेतल्या कॉम्प्युटरचं काम बघणारे एक मेकॅनिक आले. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी खोक्याची एक बाजू काढली, आत बॅटरी मारली आणि कडेवरून बोट फिरवलं. बोटाला लाल कण लागला. ते बोट त्यांनी यांच्यासमोर धरलं. माझ्यासमोर नाही.

"सर, हे बघा. कुंकू हाय की हे."

"अगं, किती लावलंस?" यांनी मला विचारलं.

"बोटभर," मी म्हणाले.

"बोटभर!" मेकॅनिक हसले. "सर, घरोघरी हेच. दसऱ्यानंतर महिनाभर मला हेच काम. आत शॉर्टिंग होतंय. पंख्यानं आत ओढून घेतलंय सगळं." मग ते माझ्याकडं वळले आणि बहिऱ्याशी बोलतात तसं एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं बोलले, "ताई, तुम्ही, बंद करताना, वरचं दाबता ना? शट डाऊन? का खालचं, रीस्टार्ट?"

मी चौथी शिकले. इंग्रजी शब्द मला अक्षरं लावून वाचावे लागतात. पण त्या दोन शब्दांपुढं चित्रं आहेत. एकात गोल आणि वर उभी रेघ, दुसऱ्यात गोल फिरणारा बाण. लहान मूलही चुकणार नाही. दिवसाला चाळीस कॉलरी मी उलट-सुलट न होता लावते, मला दोन चित्रांतला फरक कळत नाही? आणि बंद मी करतच नव्हते, पोरगी करत होती. ती समोर उभी होती. तिला नाही विचारलं. कधीमधी दुपारी मी त्यावर गळ्याच्या डिझाइनचे व्हिडिओ बघायचे, एवढाच माझा हात त्याला लागायचा.

हे सगळं मनात. तोंडानं मी म्हणाले, "आम्ही वरचंच दाबतो," आणि चहा ठेवायला आत गेले. आत जाऊन गॅस पेटवला आणि पातेलं ठेवायचंच विसरले.

ते खोकं घेऊन गेले, नुसतं खोकं. चार दिवसांनी परत आणलं. आत साफ केलं होतं आणि सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकलं होतं. "माझ्या दुकानात धा वेळा बंद केलं. धाच्या धा वेळा बरोबर बंद झालं," म्हणाले. त्या पुसण्यात पोरीचं वर्षभराचं टायपिंग गेलं, कॉलेजचा प्रकल्प गेला, फोटो गेले. तिला आधी विचारलंसुद्धा नव्हतं. ती रडली. आणि संध्याकाळी तिनं सगळ्या वायरी जोडल्या, प्रिंटर जोडला, काम केलं, शट डाऊन केलं. काळं झालं. तीन मोजले. दिवा लागला.

यांनी मेकॅनिकला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आवाज आला, "सर, माझ्याकडं बरोबर चालतंय, तुमच्या घरीच चालत न्हाय, मंजे घरातच कोणतरी काय तरी करतंय की. ताईंना जरा हात लावू देऊ नका थोडे दिवस."

हे माझ्याकडं बघून म्हणाले, "ऐकलंस? त्या खोलीत तू फक्त मशीनवर बसायचं."

तेही मी गिळलं असतं. पण पोरगी डोळे पुसत म्हणाली, "आई, प्लीज तू हात नको ना लावत जाऊस. किती वेळा सांगितलं तुला." एकदाही सांगितलं नव्हतं तिनं. ते वाक्य तिनं त्या क्षणी तयार केलं, कारण तिचं गेलेलं कोणावर तरी काढायचं होतं आणि मी जवळ होते. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाक आलीच. "आई, तयार?" म्हणजे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, पण बटण दाबायला हात माझाच. कणकेचा हात धुऊन मी गेले. दाबलं बटण.

त्याच आठवड्यात दिरांचा फोन आला. बिघाडाचं ऐकून ते म्हणाले, "दादा, ते यंत्र तुमच्याच्यानं सांभाळाय जमायचं न्हाय. माझ्याकडं दुकानात रोज मेकॅनिक येतोय. रविवारी जीप घेऊन येतो, घेऊन जातो. पोरीला काय, क्लासमदी हायच की कॉम्प्युटर."

"ने बाबा," हे म्हणाले. "नुसती डोकेदुखी झालीय."

ते बुधवारी ठरलं. पोरीची परीक्षा महिन्यावर होती. क्लासमध्ये दिवसाला एक तास मिळतो, बाकी सगळा हात घरी बसतो. मराठीत मिनिटाला तीस शब्द गाठायला तिला अजून चार-पाच कमी पडत होते. ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, निदान परीक्षेपर्यंत?" हे म्हणाले, "बिघडलेल्यावर काय करणार तू? आणि परीक्षा झाली की पुढचं बघायचंच आहे." पुढचं म्हणजे स्थळं. यांच्या मावसबहिणीनं दोन सांगून ठेवली होती.

मला ते पुढचं माहीत आहे. माझी शाळा सांगोल्याकडं एका वस्तीवर होती. चौथीचा निकाल लागला त्या दिवशी बाईंनी माझं गणित सगळ्यांना दाखवलं. पाचवीला मी गेले नाही. शाळेत काही बिघडलं नव्हतं, शाळा जागेवरच होती. घरी शेळ्या होत्या आणि त्यांच्यामागं जायला मी होते. कोणी मला रागावलं नाही, मारलं नाही, नुसतं म्हणाले, राहू दे आता. "राहू दे" म्हणत माणसाचं काय काय काढून घेतात. पोरीच्या बाबतीत तेच वाक्य मला ऐकायचं नव्हतं. म्हणून रविवारच्या आत मला कळायला हवं होतं की तो बंद का होत नाही.

बुधवारी दुपारी मशीनवर बसले आणि हात चालेना. मेकॅनिकचं बोलणं डोक्यात फिरत होतं. माझ्याकडं चालतंय, तुमच्याकडं चालत नाही. त्यावरून त्यांनी मला चोर ठरवलं. पण मी असलं कोडं एकदा सोडवलेलं आहे.

लग्नानंतर मी एका गणवेशाच्या कारखान्यात कामाला जायचे. तिथं एक तेलुगू अक्का होत्या, वयानं मोठ्या, सगळ्या बायकांचं शिकणं-शिकवणं त्यांच्याकडं. मग मी घरी मशीन घेतलं, तर ते सारखा दोरा तोडायचं. कारखान्यात नेऊन बघितलं तर तिथं झक्कास शिवायचं. घरी आणलं की पुन्हा तोडायचं. मी रडकुंडीला आले. अक्का म्हणाल्या, "तिकडं नीट, इकडं वाईट. मंजे मशीन नाही गं, इकडचं काय तर हाय. एकएक बदलून बघ. दोन एकदम बदललं तर काय कळणार तुला, सांग?" मी सुई बदलली, तीच परत लावली. बॉबिन बदललं, तेच परत लावलं. शेवटी दोऱ्याचं रीळ बदललं आणि थांबलं. रीळ मी खिडकीत उन्हाला ठेवत होते, दोरा कुजला होता. कारखान्यात त्यांचं रीळ लागत होतं, म्हणून तिथं मशीन शहाणं होतं.

मेकॅनिकनी खोकं नेलं होतं, नुसतं खोकं. मग त्यांच्या दुकानात नाही आणि आमच्या घरी आहे असं काय?

गुरुवारी हे शाळेत, पोरगी कॉलेजला. दार लावून घेतलं. आपल्याच घरात मी आतून कडी घालून, अंग चोरून त्या खोक्याच्या मागं शिरले. मागं वायरींचं जाळं. काढल्या तर परत कुठल्या कुठं जायच्या, ही भीती. मग कापडावर खुणा करायचा खडू घेतला. पहिल्या वायरीवर एक रेघ, ती जिथं जाते त्या भोकापाशी एक रेघ. दुसरीवर दोन, तिथं दोन. बाह्यांच्या जोड्या चुकू नयेत म्हणून आम्ही अशाच खुणा करतो. आता दहा वायरी असत्या तरी मला भीती नव्हती.

स्पीकरची वायर काढली. चालू केला, बंद केला. तीन मोजले, उठला. बोर्डाचं बटण बंद. वायर परत लावली. नेटची वायर काढली. चालू, बंद. उठला. परत लावली. मग प्रिंटरची काढली. चालू, बंद. स्क्रीन काळी. पंखा थांबला. तीन झाले. दहा झाले. मी गठ्ठे मोजते तशी मोजत साठावर गेले. तो गप्प. वाटलं, कायमचाच मेला, आता मात्र खरंच मी मारला. कसंबसं खोक्याचं बटण दाबलं. नीट सुरू झाला. पुन्हा बंद केला. नीट बंद झाला.

प्रिंटरची वायर परत लावली. बंद केला. तीन मोजले. उठला.

त्या दिवशी पाच वेळा केलं आणि शुक्रवारी चार वेळा. वायर आत, उठतो. वायर बाहेर, झोपतो. नऊच्या नऊ वेळा. वायर आत असताना तो काय समजून उठतो, ते मला माहीत नाही. पण कशानं उठतो ते माहीत झालं.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी तिथंच फरशीवर बसले आणि अंगाचा जाळ झाला. पाडव्याला प्रिंटर आला, त्याच आठवड्यात हे सुरू झालं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. दसऱ्याचं कुंकू मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. घरात एक शिकलेला कारकून, एक कॉलेजात जाणारी पोरगी, बाहेरचा एक मेकॅनिक. तिघांपैकी एकानं ती एक वायर काढून बघितली नाही, कारण त्यांना कारण आधीच सापडलं होतं. ते कारण चौथी शिकलेलं होतं. समोर ती वायर होती आणि हाताशी कात्री. कात्री उचलून मी दुसऱ्या खोलीत ठेवून आले.

सांगणं हे दुसरं संकट. सांगायचं तर आधी कबूल करायला हवं की मी हात लावला. शनिवारी जेवताना मी यांना म्हणाले, "अहो, त्या कॉम्प्युटरचं मला वाटतं..."

"आता तुला काही वाटून घ्यायचं नाही. भाऊ उद्या नेणार आहे," म्हणाले आणि आमटी पुढं ओढली.

पोरीकडं बघितलं. ती कानात इअरफोन घालून मोबाइल बघत जेवत होती. मी गप्प बसले. पानातलं उष्टं गोळा करताना स्वतःला शिव्या दिल्या.

रविवारी दहाच्या सुमाराला दीर आले. हातात पुठ्ठ्याचं मोठं रिकामं खोकं आणि सुतळीचा गुंडा. चपला काढता काढताच सुरू झाले.

"वहिनी, च्या टाका की फक्कड. आमची सून न्यायला आलोय माढ्याला."

"सून कुठली?" यांनी विचारलं.

"ह्योच की, कॉम्प्युटर! वहिनीनं हळदकुंकू लावलंय म्हटल्यावर सवाष्णच झाली की ती. किती दिवस माहेरी ठिवताय?"

हे खो खो हसले. पोरगी हसली नाही. ती कॉम्प्युटरपुढं बसून नव्यानं केलेलं टायपिंग पेनड्राइव्हवर घेत होती. मानेच्या शिरा ताठ.

मी चहा घेऊन आले तेव्हा दीर म्हणत होते, "झालं का गं पोरी?"

"झालं, काका."

"कर मग बंद."

तिनं सवयीनं म्हटलं, "आई, तयार?"

मी ट्रे स्टुलावर ठेवला. बोर्डाकडं गेले नाही. खोक्याच्या मागं वाकले आणि प्रिंटरची वायर ओढून काढली.

"आई, काय करतेस?"

"कर बंद."

"अगं पण..."

"बंद कर म्हणतेय ना."

तिनं केलं. स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला. हे ओरडले, "अगं बटण! बटण दाब!"

"नाही," मी म्हणाले.

मी मनात मोजत होते. वीसपर्यंत गेल्यावर दीर म्हणाले, "गेलं वाटतंय कायमचं." मी बटण दाबून तो सुरू केला, वायर लावली, पोरीला म्हटलं बंद कर. तीन मोजायच्या आत तो उठला. पुन्हा वायर काढली, पुन्हा बंद करायला लावलं. झोपला तो झोपलाच.

"तुमच्या प्रिंटरनं होतंय, भाऊजी."

माझा आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं कोणाला ऐकू गेला नाही. गेला होता.

"योगायोग असतोय वहिनी असला," दीर म्हणाले.

"नऊ वेळा केलंय मी. आता तुम्ही तुमच्या हातानं करा."

त्यांनी केलं. वायर आत, बाहेर, आत. कॉम्प्युटरनं त्यांनाही तेच दाखवलं. हे खुर्चीच्या दांड्याकडं बघत होते. "होतं असं कधी कधी," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, झालं. आता खोकं रिकामंच परत जाणार. आणि दीर एकदम खुलले. "आयला! मंजे यंत्र ठणठणीत हाय की! मग तर लईच बेस झालं. दादा, बांधू का?"

"बांध," हे म्हणाले. "शब्द दिलाय मी."

बिघडला म्हणून न्यायचा होता. बिघडलेला नाही, तरी न्यायचा. पोरीचा हात अजून माउसवर होता, ती काहीच बोलली नाही, आणि तिच्या त्या न बोलण्यात मला मी दिसले. निकाल घेऊन घरी आलेली.

"नाही बांधायचा," मी म्हणाले. या वेळी आवाज बारीक नव्हता. "बिघाड न्यायला आला होतात ना, भाऊजी? मग बिघाड न्या." मी प्रिंटर उचलला. बराच जड निघाला. त्यांच्याच खोक्यात ठेवला, वायर गुंडाळून वर ठेवली, सुतळी घेतली आणि गठ्ठे बांधतो तशी आडवी-उभी घालून गाठ मारली.

"अगं, काय चाललंय! भाऊ आहे तो माझा!" हे उठले.

"भाऊ आहेत म्हणूनच चहा केलाय. गार होतोय."

हे पोरीकडं वळले. "तू सांग. तुला खरंच लागतो का एवढा?"

तिनं वडिलांकडं बघितलं, मग त्या गाठीकडं. "लागतो, पप्पा. रोज लागतो."

दिरांनी चहा घेतला. माणूस वाईट नाही, त्यांना मागायची सवय आहे आणि यांना द्यायची. खोकं उचलताना दारात यांना म्हणाले, "दादा, वहिनी लई बोलाय लागल्या की." हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खाली हे शेजाऱ्यांना सांगत होते, "आमचा धाकटा आला होता माढ्याहून, त्यानं काढला फॉल्ट. प्रिंटरचा होता." मी ओला शर्ट झटकला, पाणी खाली उडालं. दोघांनी वर बघितलं. मी बाजूला झाले नाही. पण बोललेही नाही. मेकॅनिकना तर कोणी फोनही केला नाही. त्यांच्या लेखी मी अजून ती कुंकू टाकून कॉम्प्युटर बिघडवणारी बाई आहे. पुढच्या दसऱ्याला चार घरांत सांगतील.

पोरगी मात्र सोमवारी बोलली. टाइप करत होती, मी मशीनवर होते. बोटं न थांबवता म्हणाली, "आई, मला का नाही सांगितलंस आधी?"

"सांगायला लागले होते शनिवारी. तुझ्या कानात होतं."

बराच वेळ ती टाइप करत राहिली. मग स्क्रीनकडं बघतच म्हणाली, "सॉरी."

"इकडं बघून म्हण," मी म्हणाले.

बोटं थांबली. तिनं खुर्ची फिरवली. तिचे डोळे भरले होते आणि मला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. आधी पूर्ण ऐकायचं होतं मला. ती म्हणाली, "कुंकू लाव असं मीच म्हणाले होते. मला तेव्हाही आठवत होतं."

आठवत असूनही गप्प बसली होती, हे मला नवीन होतं. वाटलं होतं विसरली असेल. राग पुन्हा तितकाच वर आला, आणि मी तो लपवला नाही, तिला तो नीट बघू दिला. थोड्या वेळानं म्हणाले, "तीसला किती कमी पडतात अजून?"

"तीन."

"मग बस."

ती वळली, मीही वळले.